भिंग निवडण्याआधी रस्ता मोजा: एलईडी दिव्यांच्या प्रकाशिकीविषयी सविस्तर उत्तर

आपल्या प्रश्नाचा सारांश आधी मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. बेळगावजवळच्या मच्छे येथील आपल्या कारखान्यात ॲल्युमिनियमची डाय-कास्ट (साच्यात दाबाने ओतलेली) बॉडी तयार होते आणि तिच्यात बाहेरून आणलेले एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज देणारा भाग) व लेन्स बसवून आपण दिवे विकता. खानापूर तालुक्यातील एका गावाला आपण 30 वॅटचे पथदिवे पुरवले. तेथे खांब 7 मीटर उंच, दोन खांबांतले अंतर 25 मीटर आणि रस्ता 5 मीटर रुंद आहे. विक्रेत्याच्या कागदावर 92 टक्के कार्यक्षमता लिहिलेली होती म्हणून आपण 60 अंशांची लेन्स घेतली. आता खांबाखाली 58 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) मिळतात, दोन खांबांच्या मध्यावर 1 लक्सही मिळत नाही, आणि गावकरी म्हणतात की यापेक्षा जुनी ट्यूब बरी होती. दुसरी अडचण बेळगावच्या शहापुरातील साड्यांच्या दुकानाची आहे. तेथील 50 मिलिमीटर व्यासाच्या स्पॉटलाइटमुळे पांढऱ्या कापडावर पिवळे कडे उमटते, शिवाय दुकानदाराला हवा तेवढा अरुंद झोतही मिळत नाही. लेन्स स्वतः डिझाइन करावी का, आणि करायची झाल्यास सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे.

सुरुवात लेन्सपासून करू नये, एवढे एकच सांगायचे असते तर मी हेच सांगितले असते. ज्या पृष्ठभागावर प्रकाश हवा आहे, म्हणजे आपल्या बाबतीत तो 25 बाय 5 मीटरचा रस्ता, त्यापासून उलट मोजत दिव्याकडे यावे. 92 टक्के हा आकडा खोटा नाही. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक 1.49 असल्यामुळे प्रत्येक पृष्ठभागावर साधारण 3.9 टक्के प्रकाश परत फिरतो, दोन पृष्ठभागांचे मिळून सुमारे 8 टक्के जातात आणि उरतात ते 92. परंतु लेन्समधून किती प्रकाश बाहेर पडला एवढेच तो आकडा सांगतो, तो प्रकाश कोठे गेला याबद्दल त्यात काहीही नसते.

आता आपल्याच रस्त्याचा हिशेब करू. 30 वॅटच्या दिव्यातून वॅटमागे 110 लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक; एका चौरस मीटरवर 1 लुमेन पडला की 1 लक्स) धरले तर 3,300 लुमेन निघतात. 60 अंशांचा झोत म्हणजे मध्यापासून प्रत्येक बाजूला 30 अंश, आणि 7 मीटर उंचीवरून त्याचे वर्तुळ जमिनीवर साधारण 8 मीटर व्यासाचे पडते. 25 मीटरपैकी 17 मीटर अंधारात राहतात, आणि खांब रस्त्याच्या कडेला असल्यामुळे त्या वर्तुळाचाही निम्मा भाग मागच्या परसात जातो. तरीसुद्धा कोणी सरासरी काढली तर ती 10 लक्सच्या पुढे भरेल. आयएस 1944 या भारतीय मानकात अशा दुय्यम रस्त्यांसाठी रहदारीनुसार सरासरी 8 किंवा 4 लक्स सांगितले आहेत, त्यामुळे सरासरीच्या परीक्षेत आपला दिवा उत्तम गुणांनी पास होतो. मात्र त्याच मानकात किमान आणि सरासरी यांचे गुणोत्तर निदान 0.3 असावे अशीही अट आहे, आणि तेथे तो पार नापास होतो. माणसाचा डोळा 58 लक्सला सरावला की त्याला शेजारचा 1 लक्स काळोखच वाटतो, म्हणून गावकऱ्यांची तक्रार शंभर टक्के रास्त आहे.

ट्यूब बरी का वाटत होती, हेही आकड्यांत दिसते. उघडा एलईडी प्रकाश कसा टाकतो याचा नियम लॅम्बर्ट या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जातो. त्यांचा प्रकाशमापनावरील ग्रंथ 1760 सालचा आहे, आणि आजची एलईडी चिप तो नियम बऱ्यापैकी पाळते. तीव्रता कोनाच्या कोज्येनुसार (कोसाइननुसार) घटते, सरळ खाली पूर्ण आणि 60 अंशांवर निम्मी. एकूण लुमेनला पायने (3.14 ने) भागले की मधली तीव्रता मिळते, म्हणजे 3,300 लुमेनची 1,050 कँडेला (एका दिशेतल्या तीव्रतेचे एकक). आता समजा आपण लेन्स लावलीच नाही. खांबाखाली 21 लक्स मिळतील, मध्यावर दोन्ही खांबांचे मिळून सुमारे 2.4 लक्स, पलीकडच्या कडेला मध्यावर साधारण 1.9 लक्स, आणि रस्त्याची सरासरी साडेसात लक्सच्या आसपास. गुणोत्तर 0.25 येते. नापासच, पण काठावरचे. थोडक्यात, विकत आणलेल्या लेन्सने दिवा होता त्याहून वाईट केला. कारखान्यातच एका दिव्याची लेन्स काढून रात्री अंगणात उंच टांगून पाहा, हा फरक मीटरशिवाय डोळ्यांनाही कळेल. गावातील खांबावर मात्र हा प्रयोग करू नका, कारण लेन्स काढली की पाणी आत जाईल.

मग लेन्स हवी कशाला, तर उघड्या एलईडीच्या दोन खोडी काढण्यासाठी. पहिली खोड अशी की निम्मा प्रकाश खांबाच्या मागे जातो आणि पुढचाही बराचसा रस्ता ओलांडून पलीकडे जातो. आपल्या उंची-रुंदीला उघड्या एलईडीचा फक्त 29 टक्के प्रकाश रस्त्यावर पडतो. दुसरी खोड म्हणजे 70 अंशांच्या वर निघणारा सुमारे 12 टक्के प्रकाश, जो रस्त्याला जवळजवळ काहीच देत नाही, पण समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. मागचा प्रकाश पुढे वळवणारी चांगली असममित लेन्स 40 टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश रस्त्यावर टाकू शकते. 4 लक्सची सरासरी हवी, धूळ आणि एलईडीचे वय यांसाठी 0.7 हा गुणक आणि रस्त्यावर पडणारे हे 40 टक्के धरले, तर 125 चौरस मीटरसाठी दिव्यातून 1,786 लुमेन निघावे लागतात. म्हणजे 18 वॅटचा दिवा पुरतो. आपण 30 वॅट दिले आहेत. हा 12 वॅटचा फरक ग्रामपंचायतीच्या विजेच्या बिलात दर महिन्याला दिसत राहतो, आणि म्हणून मला हा विषय केवळ भूमितीचा वाटत नाही.

लेन्सकडून नेमके काय मागायचे, ते आता ठरवता येते. खांबाखाली 8 लक्स हवे असतील तर उंचीचा वर्ग 49, म्हणून सरळ खाली सुमारे 390 कँडेला लागतात. आपल्या दिव्याची आज तेथे 2,840 आहेत, सातपटीहून अधिक. मध्यबिंदू साडेबारा मीटरवर आहे, दिव्यापासून त्याचा कोन जवळजवळ 61 अंश आणि तिरके अंतर 14.3 मीटर. आडव्या पृष्ठभागावरचे लक्स तीव्रता आणि कोज्येचा घन यांच्या गुणाकाराला उंचीच्या वर्गाने भागून मिळतात. त्यामुळे मध्यावर दोन खांबांचे मिळून 2 लक्स हवे असतील तर प्रत्येक दिव्याने 61 अंशांवर सुमारे 420 कँडेला दिल्या पाहिजेत. म्हणजे तिरकी तीव्रता सरळ खालच्या तीव्रतेपेक्षा थोडी जास्तच हवी. आलेख काढला तर तो पंख पसरलेल्या वटवाघळासारखा दिसतो, म्हणून या धंद्यात त्याला बॅटविंग म्हणतात. मध्यावरही 8 लक्सच हवेत असा हट्ट धरला तर 1,680 कँडेला लागतील, आणि मग समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील. पूर्ण समानता हे रस्त्यावरच्या दिव्याचे ध्येय नसावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

येथे एक मर्यादा येते, जी कोणत्याही सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही. एलईडी हा बिंदू नाही, त्याला आकार आहे. समजा त्याचा प्रकाश देणारा भाग अडीच मिलिमीटर रुंद आहे आणि लेन्सचा पृष्ठभाग त्यापासून 8 मिलिमीटरवर आहे. त्या पृष्ठभागावरून पाहिले तर एलईडी मध्यापासून दोन्ही बाजूंना जवळजवळ 9 अंश पसरलेला दिसतो, आणि तेवढाच पसारा बाहेर पडणाऱ्या झोताच्या कडेला राहतो. 62 अंशांवर शिखर आणि 65 अंशांवर शून्य अशी कडा या लेन्सकडून मागणे व्यर्थ आहे. कडा तीक्ष्ण हवी असेल तर लेन्स मोठी करा किंवा एलईडी लहान घ्या, तिसरा मार्ग नाही.

आपल्या साड्यांच्या दुकानातील अरुंद झोताचे उत्तर याच नियमात आहे. या राशीला एटेंड्यू म्हणतात. स्रोताचा आकार आणि त्याचा कोनीय पसारा यांचा गुणाकार कोणतेही भिंग किंवा आरसा प्रकाश न गमावता कमी करू शकत नाही. व्यवहारात सूत्र सोपे आहे: स्रोताचा व्यास झोताच्या अर्ध्या कोनाच्या ज्येने (साइनने) भागला की लेन्सचा किमान व्यास मिळतो. आपण 12 मिलिमीटर प्रकाशभागाची सीओबी (अनेक चिपा एकत्र बसवलेला एलईडी) वापरली आहे आणि दुकानदाराला 12 अंशांचा झोत हवा आहे, म्हणजे अर्धा कोन 6 अंश. उत्तर येते 115 मिलिमीटर, आणि आपली बॉडी 50 मिलिमीटरची. त्या बॉडीत या सीओबीचा सगळा प्रकाश फार तर 28 अंशांत बसेल, तोही आदर्श लेन्स मिळाली तर. 6 मिलिमीटर प्रकाशभागाची सीओबी घेतली तर हीच मर्यादा 14 अंशांवर येते. दुकानदाराला हे आकडे कागदावर दाखवा आणि बॉडी मोठी करायची की लहान सीओबी घेऊन थोडे लुमेन सोडायचे, हे त्यालाच ठरवू द्या. ही हद्द ठाऊक नसल्यामुळे महिनोन्‌महिने किरण आखत बसलेले लोक मी पाहिले आहेत. प्रतिमा न बनवणाऱ्या या प्रकाशिकीची पायाभरणी दिव्यांसाठी झालीच नव्हती, हेही जाता जाता सांगतो. रोलंड विन्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्याने 1966 साली कणभौतिकीतील चेरेन्कोव्ह प्रकाश (अतिवेगवान कणांमुळे पारदर्शक पदार्थात उमटणारा प्रकाश) गोळा करण्यासाठी जे शंकू मांडले, त्यांत प्रकाश रुंद तोंडातून आत येऊन अरुंद टोकाकडे जात होता. आपण तोच मार्ग उलटा चालतो.

पिवळ्या कड्याचे कारण लेन्समध्ये नाही, एलईडीत आहे. पांढरा एलईडी म्हणजे निळी चिप आणि तिच्यावर पिवळा फॉस्फर (काही निळा प्रकाश पिवळा करणारा थर). सरळ वर जाणारा निळा किरण फॉस्फरचा थर थोड्या अंतरात पार करतो, तिरका जाणारा किरण जास्त अंतर कापतो आणि अधिक पिवळा होऊन बाहेर पडतो. उघड्या एलईडीत हे सगळे किरण भिंतीवर मिसळतात, म्हणून जाणवत नाही. पूर्ण आंतरिक परावर्तनाची (कडेच्या भिंतीवरून प्रकाश आतल्या आत परतवणारी) गुळगुळीत लेन्स मात्र कोनांची वाटणी व्यवस्थित करते, आणि त्या शिस्तीमुळेच पिवळे किरण एकत्र येऊन झोताच्या कडेला बसतात. उपाय म्हणजे ही शिस्त थोडी मोडणे. लेन्सच्या वरच्या तोंडावर बारीक उशांसारखे फुगवटे द्यावेत, किंवा हलका पोत द्यावा, किंवा आत डिफ्यूझरची फिल्म ठेवावी. झोत किती रुंदावेल याचा अंदाज दोन्ही कोनांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून येतो. 20 अंशांची लेन्स आणि 10 अंशांची फिल्म मिळून सुमारे 22 अंश होतात. मधली तीव्रता थोडी घटते, पण पांढऱ्या साडीचा काठ पिवळा दिसणे थांबते, आणि कापडाच्या व्यापारात त्याचे मोल जास्त आहे.

रिफ्लेक्टर वापरावा का, असे आपण ओघात विचारले आहे. रिफ्लेक्टरला जे किरण लागत नाहीत त्यांच्यावर त्याचा काहीच ताबा नसतो. लॅम्बर्टच्या नियमानुसार एखाद्या अर्धकोनाच्या आत किती प्रकाश आहे ते त्या कोनाच्या ज्येचा वर्ग सांगतो: 30 अंशांत 25 टक्के, 45 अंशांत 50 टक्के. उथळ रिफ्लेक्टरच्या तोंडातून 45 अंशांपर्यंतचे किरण थेट सुटत असतील तर निम्मा प्रकाश त्याने हाताळलाच नाही. म्हणून अरुंद झोताला लेन्स बरी, आणि मोठ्या सीओबीच्या रुंद झोताला, उष्णता जास्त असेल तेथे, खोल ॲल्युमिनियम रिफ्लेक्टर बरा.

आता लेन्स स्वतः काढायची झाल्यास रीत सांगतो. ज्येच्या वर्गाचा हाच नियम येथे कामाला येतो. एलईडीच्या प्रकाशाचे दहा समान भाग केले तर त्यांच्या सीमा 18.4, 26.6, 33.2, 39.2, 45, 50.8, 56.8, 63.4, 71.6 आणि 90 अंशांवर येतात. पहिला दशांश मधल्या 18 अंशांत पसरलेला आहे, आणि शेवटचा दशांश थेट बाजूच्या 18 अंशांत. रस्त्याचेही हव्या असलेल्या लक्सच्या प्रमाणात दहा भाग करा आणि एकेका भागाला एकेक वाटा द्या. मग लेन्सच्या प्रत्येक बिंदूवर आत येणारा किरण आणि बाहेर जायला हवा तो किरण दोन्ही ठाऊक असतात, किरण पृष्ठभागावर किती वाकतो ते सांगणाऱ्या स्नेलच्या नियमाने त्या बिंदूवरचा उतार ठरतो, आणि हे उतार जोडत गेले की लेन्सची वक्ररेषा तयार होते. हे काम साध्या स्प्रेडशीटमध्येही होते. कागदावर एकदा हाताने करावे असा माझा आग्रह आहे, कारण त्यातून किरण कोठे अडतो ते बोटांना कळते. सगळे वळण बाहेरच्या एकाच पृष्ठभागावर टाकू नका. वळण आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागांत वाटून द्या, कारण एका पृष्ठभागावर किरण फार वाकवला की परावर्तनाने जाणारा प्रकाश झपाट्याने वाढतो, आणि ॲक्रिलिकमध्ये आतून 42 अंशांच्या पुढे तर तो बाहेरच पडत नाही.

ही पहिली आकृती एलईडी बिंदू आहे असे मानून काढलेली असते, त्यामुळे खऱ्या एलईडीसह ती चालवली की चित्र थोडे विस्कटते. ऑप्टिमायझेशन, म्हणजे आकार थोडा थोडा बदलत सुधारणे, येथून सुरू होते. एलईडी बनवणारे किरणांची फाइल देतात, ती लाइटटूल्स किंवा ट्रेसप्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन लेन्सच्या वक्राचे पाच-सात नियंत्रणबिंदू हलवत बसावे लागते. बिंदू वाढवण्याचा मोह टाळा. वीस बिंदू दिले तर सॉफ्टवेअर लेन्सवर अशा लाटा काढते की पडद्यावर आकडा सुंदर दिसतो आणि साच्यातून मात्र ती लेन्स कधीच तशी निघत नाही.

किरणांच्या संख्येबद्दलही नवखे लोक फसतात. एका चौकटीत 100 किरण पडले तर तेथील लक्समध्ये केवळ योगायोगाने 10 टक्क्यांची चूक असते, 10,000 पडले तर 1 टक्क्याची. रस्त्याची 100 बाय 100 चौकटींची जाळी घेऊन 1 टक्का अचूकता हवी म्हटली तर 10 कोटी किरण लागतात. ऑप्टिमायझेशन चालू असताना 20 बाय 20 ची जाळी आणि 10 लाख किरण पुरतात, चूक 2 टक्के राहते. सॉफ्टवेअरने 1 टक्का सुधारणा दाखवली आणि आपण खूश झालो, तर बहुतेक वेळा ती सुधारणा म्हणजे नुसता गोंधळ असतो. आणि गुणांकनात फक्त समानता आणि कार्यक्षमता ठेवू नका. 75 अंशांच्या वरच्या तीव्रतेला दंड लावा, नाहीतर सॉफ्टवेअर डोळे दिपवणारी लेन्स आनंदाने काढून देईल.

टॉलरन्सविषयी, म्हणजे मापात किती फरक चालेल याविषयी, माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी उद्यमबागेतील एका ओतशाळेच्या आवारासाठी मी 10 अंशांचे फ्लडलाइट केले, प्रत्येकात 24 एलईडी आणि 24 लेन्स. भिंतीवर झोत टाकला तेव्हा एका गोल ठिपक्याऐवजी गुच्छातल्या द्राक्षांसारखे वेगवेगळे ठिपके दिसले. दोन दिवस मी लेन्सलाच दोष देत होतो. शेवटी भिंगाखाली पीसीबी (एलईडी सोल्डर केलेला फलक) पाहिला तेव्हा दिसले की सोल्डर वितळताना काही एलईडी जागचे हलले होते, कारण मी पॅड गरजेपेक्षा मोठे ठेवले होते. त्यात लेन्सच्या खुंट्यांची भोकेही 0.3 मिलिमीटर सैल निघाली. लेन्सचे प्रभावी अंतर 5 मिलिमीटर असेल तर 0.2 मिलिमीटरचे सरकणे झोताला 2.3 अंश तिरका करते. 120 अंशांच्या दिव्यात हे कोणाला कळणारही नाही, 10 अंशांच्या झोतात तो झोताचा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. चूक माझ्याच आराखड्यात होती, कारण त्यावर भोकांचा टॉलरन्स मी लिहिलाच नव्हता. त्यानंतर मी प्रत्येक डिझाइन एलईडी 0.2 मिलिमीटर चारही बाजूंना आणि वरखाली सरकवून पुन्हा चालवतो, आणि त्यातला सर्वांत वाईट निकाल स्वीकारण्याजोगा असेल तरच साचा करायला देतो.

साच्याचा खर्च हा आपल्यासारख्या लहान कारखान्याचा खरा प्रश्न आहे. बेळगावात ओतकाम आणि मशीनिंग उत्तम होते, पण लेन्सच्या साच्याला लागणारे आरशासारखे पॉलिश हे वेगळेच कौशल्य आहे. ॲक्रिलिक निवताना साधारण अर्धा टक्का आकसते, 20 मिलिमीटरच्या लेन्सला 0.1 मिलिमीटर, आणि जाड भागात जास्त. जाडी दुप्पट झाली की निवण्याचा वेळ साधारण चौपट होतो, घाई केली तर पृष्ठभाग खचतो आणि बॅटविंगचा पंख तेथेच मोडतो. म्हणून आपल्या पथदिव्यासाठी माझा सल्ला असा की आत्ता साचा करू नका. 50 बाय 50 मिलिमीटरच्या, चार एलईडींवर बसणाऱ्या तयार असममित लेन्स बाजारात मिळतात. विक्रेत्याकडून आयईएस फाइल (कोणत्या दिशेला किती प्रकाश जातो याची नोंद) मागा, ती डायलक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घाला, आपला 7, 25 आणि 5 मीटरचा रस्ता काढा आणि चार-पाच लेन्स ताडून पाहा. फाइल देत नसेल त्याची लेन्स घेऊ नका. एखाद्या रस्त्याला कोणतीच तयार लेन्स बसत नाही आणि माल हजारोंच्या संख्येत जाणार आहे, अशी खात्री झाली तरच साच्याचा विचार करावा.

सामग्रीबद्दल थोडक्यात. पथदिव्याला ॲक्रिलिक चांगले, ते उन्हात पिवळे पडत नाही. पॉलिकार्बोनेट दगड सोसते, पण 1.58 च्या अपवर्तनांकामुळे प्रकाश थोडा जास्त गमावते आणि उन्हात कालांतराने पिवळे पडते. उष्णता फार असेल तेथे सिलिकोन घ्यावे.

लेन्सवर सपाट काच लावावी का, याचे उत्तर मात्र आपल्या भागात जागेनुसार बदलते, आणि ते आकड्यांनी ठरवावे. सरळ खाली जाणाऱ्या किरणाचे काचेत सुमारे 8 टक्के नुकसान होते, 60 अंशांवर सुमारे 15 टक्के आणि 70 अंशांवर सुमारे 27 टक्के. म्हणजे दोन खांबांच्या मधला अंधार घालवण्यासाठी जे किरण आपण एवढ्या मेहनतीने तिरके केले, त्यांनाच काच सर्वांत जास्त खाते. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस एवढा पडतो की उघडी लेन्स आपोआप धुतली जाते, तेथे मी काच लावत नाही. विटा आणि कौलांचे ट्रक जेथे तांबडी माती उडवत जातात, तेथे लेन्सच्या फुगवट्यांच्या खाचांत धूळ बसते आणि फडक्याने निघत नाही. तेथे काच लावून 61 अंशांचे नुकसान आधीच हिशेबात धरतो. डायलक्समध्ये घालायची फाइल काचेसह मोजलेली आहे की काचेविना, हे विक्रेत्याला विचारायला विसरू नका.

पहिला नमुना तयार झाला की तो स्वतः मोजा. प्रयोगशाळेत आयएस 16106 प्रमाणे चाचणी शेवटी करावीच लागेल, पण रोजच्या कामाला एक अंधारी खोली पुरते. माझ्याकडे भिंतींना जाड काळे कापड लावलेली एक लांब खोली आहे. तिच्या एका टोकाला अंश कोरलेला फिरता पाट आहे, त्यावर दिवा आडवा बांधायचा, आणि 5 मीटरवर त्याच उंचीला लक्समीटर ठेवायचा. दिवा अर्धा-पाऊण तास जळू द्यायचा, कारण थंड एलईडी जास्त प्रकाश देतो आणि खोटी आशा लावतो. मग अडीच-अडीच अंशांनी पाट फिरवत आकडे लिहायचे. लक्सला 25 ने गुणले की कँडेला मिळतात. 61 अंशांवर मीटरने 16.8 लक्स दाखवले तर आपल्या 420 कँडेला जमल्या. मध्येच एखादा आकडा उडी मारताना दिसला तर बहुधा कोणाचा तरी पांढरा सदरा प्रकाश परतवत असतो, म्हणून त्या खोलीत आम्ही गडद कपडे घालूनच जातो.

शेवटची तपासणी गावात जाऊन, खांबावर करायची आहे. आपल्याकडच्या अनेक जुन्या खांबांचे हात वर वाकवलेले आहेत, 15 अंशही असतात. आपला रस्ता 5 मीटर आणि उंची 7 मीटर, म्हणून पलीकडची कड आडव्या दिशेने 35 अंशांवर येते आणि लेन्स त्याच कोनासाठी बनवलेली असते. तो हात 15 अंश वर असेल तर तोच किरण 50 अंशांवर जातो आणि रस्ता ओलांडून सव्वातीन-साडेतीन मीटर पुढे, समोरच्या घराच्या पडवीत पडतो. म्हणून नवीन लेन्स मागवण्याआधी आपला माणूस कोनमापक घेऊन त्या गावात पाठवा, प्रत्येक खांबाच्या हाताचा कोन लिहून आणा, आणि बॉडीच्या मानेला फिरवून घट्ट करता येईल असा सांधा द्या. डाय-कास्टिंग आपल्याच हातात आहे, त्यामुळे हा बदल आपल्याला सहज जमेल.